टिटवीच्या अंड्यांची साक्ष

आंजी (मोठी),
पौष महिना, तुरी शेंगांनी वाकल्या आहेत

प्रिय प्रतिवादी क्रमांक एक, म्हणजे आमचे नानाजी यांस,

वादी रूपराव याचा मनापासून रामराम. रागावू नकोस, कोर्टाच्या कागदांत आपली नावं आता हीच आहेत. शाळेत मास्तर आपल्याला एका बाकावरची दोन माकडं म्हणायचे, त्या मानाने ही बढतीच म्हणायची. तुझा गुडघा कसा आहे? नवा बसवलेला गुडघा थंडीत दुखतो का, की ते काम जुन्याबरोबर गेलं? मांडी घालून बसायला डॉक्टरने कायमची मनाई केली असं कळलं, तेव्हापासून मला तुझी काळजी लागून राहिली आहे, कारण खुर्चीवर बसून पोटभर जेवलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. अनुसयावहिनींना नमस्कार. चौथ्या मजल्यावर त्यांना वाळवण घालायला ऊन मिळतं का? (रुख्माबाई म्हणते, नागपुरात ऊनही लिफ्टने येत असेल.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत. कपाशीचा दुसरा वेचा झाला, वांग्यांना यंदा कीड कमी आहे, आणि आमचा खोकला दरवर्षीप्रमाणे वेळेवर हजर झाला आहे.

पत्र लिहिण्याचं कारण असं की गेल्या आठवड्यात वर्ध्याच्या कोर्टात माझी साक्ष झाली, आणि ती तुझ्याविरुद्ध होती. तुला गुडघ्यामुळे येता आलं नाही. तुझ्याविरुद्ध मी काय बोललो हे तुला परक्याकडून कळावं, हे मला बरं दिसेना. एवढ्या वर्षांत तुझ्याबद्दल जे काही वाईट बोललो ते तुझ्या तोंडावर बोललो आहे, आता म्हातारपणी कशाला सवय मोडायची?

तुला ठाऊक असलेलंच आधी सांगतो. (कोर्टाने ही खोड लावली. तिथे माणसाला स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि धंदा विचारतात, आणि ते सगळं समोरच्या कागदावर आधीच लिहिलेलं असतं.) तुझं वावर पांदणीच्या रस्त्याला लागून, माझं त्याच्या मागे. माझी बैलबंडी पिढ्यानपिढ्या तुझ्या वावराच्या कडेने, निंबाखालच्या तुमच्या गुरांच्या कोठ्यावरून माझ्या वावरात जायची. मग तू पोराकडे, स्वप्निलकडे, नागपूरला राहायला गेलास आणि स्वप्निलने वावराला तारेचं कुंपण घातलं, लोखंडी गेट बसवलं, गेटला कुलूप लावलं. रानडुकरांसाठी आहे म्हणाला. आमचा प्रफुल्ल म्हणाला, मग आम्ही काय डुकरं आहोत का? दोघं लहानपणी एका ताटात जेवलेली पोरं. तिथेच शब्दाला शब्द वाढला, आणि दावा दाखल झाला. नाव माझं, कारण वावर माझं. प्रफुल्ल कागद पुढे करतो आणि मी सही करतो. पीक विमा, गॅसची टाकी, तुझ्यावरचा दावा, सगळं एकाच पेनाने झालं. आता कापूस नाल्याकडून लांबच्या वाटेने काढावा लागतो, आणि पावसाळ्यात नाला भरला की माझं वावर म्हणजे सासरी गेलेली पोर. दिसतं, पण जाता येत नाही.

आमच्या वकील हर्षाताई अल्लीपूरच्या, वयाने आपल्या नातीएवढ्या, पण बुद्धीने कोणाच्याही आजी. त्यांनी मला बसवून समजावलं की बाबा, वीस वर्षांवर तुम्ही त्या वाटेने उघडपणे, न थांबता आणि कोणाची परवानगी न घेता हक्काने गेलात, एवढं सिद्ध झालं की वाट तुमची. परवानगी घेऊन गेलात तर मात्र तो त्यांचा मोठेपणा, तुमचा हक्क नाही. म्हणून विचारलं तेवढंच बोला. बाकीचं सगळं असंबद्ध.

असंबद्ध हा शब्द मला तोवर फक्त तापातल्या माणसापुरता ठाऊक होता. घरात रुख्माबाई रोज ‘याचा इथं काय संबंध’ म्हणते, पण ते मी तिच्या माहेराबद्दल काही बोललो तरच. आमच्या घराण्याचे दोष मात्र मीठ जास्त पडण्यापासून पंखा बिघडण्यापर्यंत कशालाही संबद्ध असतात. नात समीक्षा मोबाईलवरून मान वर न करता ‘आबा, पॉइंटवर या ना’ म्हणते. आता तूच सांग नानाजी, आपल्या गावात पॉइंटवर कधी कोण आलं होतं? दोर मागायला आलेला माणूस आधी बसायचा, पाणी प्यायचा, गाईच्या वासराची चौकशी करायचा, कारंजा घाडग्याला दिलेल्या पोरीचं कसं चाललं आहे ते ऐकायचा, आणि पायात जोडा घालता घालता म्हणायचा, तो दोर होता का जी मोकळा? दोर सगळ्यात शेवटी. तुझे वडील, आपले बाबाजी हिरालालजी, तर दोर मागायच्या आधीच आणून ठेवायचे आणि तरी चौकशा पूर्ण होऊ द्यायचे. सरळ दोरच मागणाऱ्या माणसाला ते भांडून आला आहे का, असं विचारायचे.

तर असा मी, पॉइंटवर कधीच न आलेला, साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. न्यायाधीश एक बाई, चेहऱ्याने शांत. त्यांच्या खाली टाइप करणाऱ्या दुसऱ्या बाई. तुमच्या वकिलांनी विचारलं, या वाटेने केव्हापासून जाता? मी म्हटलं, बंडीवर बसायला लागलो तेव्हापासून, पण पक्कं आठवतं ते लग्नाच्या वर्षीचं, कारण रुख्माबाई पहिल्यांदा वावरात आली त्या दिवशी तुमच्या निंबापाशी तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला, आणि तुझी अनुसया, तीही तेव्हा नवी नवरी, बांगडीत अडकवलेली पिन काढून काटा काढायला बसली. वर तापवलेल्या बिब्ब्याचा चटका दिला. दोघी त्याआधी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी रुख्मा इतकी ओरडली की ओळख करून द्यायची गरजच उरली नाही. तुमचे वकील म्हणाले, काट्याचा आणि वाटेचा काय संबंध? मी म्हटलं, “साहेब, काटा वाटेतच मोडला नं. घरात कसा मोडन?” न्यायाधीश बाईंनी तोंडापुढे फाईल धरली. पण मी पाहिलं की माझं बोलणं चालू असताना टाइप करणाऱ्या बाईंचे हात मांडीवर होते. काटा, बिब्बा, आपल्या दोघांच्या बायका, कशाचाही आवाज झाला नाही.

मग मला तो नादच लागला. मी बोलता बोलता त्या हातांकडे पाहू लागलो. निंबाखाली माघात होणारे कणकेचे रोडगे सांगितले, शेणाच्या गोवऱ्यांवर भाजलेले, वरून तूप, वांग्याची भाजी आणि डाळ, आणि आंजीचं अर्धं गाव तुमच्या वावरात, हात मांडीवर. बाबाजी कोठ्यापुढे बाजेवर बसून गुळाचा चहा कसा पाजायचे आणि चहा न घेता वाटेने गेलेल्या माणसाचा बैलही त्यांना आवडायचा नाही, ते सांगितलं; हात मांडीवर. तुमच्या वकिलांनी तेवढ्यात दोन-चारदा ‘इररेलेव्हंट’ म्हणून घेतलं. न्यायाधीश बाई म्हणाल्या, “बाबा, छान आहे, पण विचारलं तेवढंच सांगा.” मला वाईट वाटलं ते असं की त्या खरंच छान म्हणाल्या होत्या.

आणि मग तुमच्या वकिलांनी आवाज एकदम मऊ केला. (मऊ आवाजाच्या माणसापासून सांभाळून राहावं हे मला बैलबाजारात कळतं, कोर्टात कळलं नाही.) म्हणाले, हिरालालजी मोठे प्रेमळ होते म्हणता, मग त्यांच्या वावरातून जाताना त्यांना काही म्हणत होते का? मी म्हटलं, म्हणजे काय? कोठ्यापाशी बंडी थांबवायची आणि हाक द्यायची, “येऊ का जी?” तिकडून बाबाजींची हाक, “या नं जी!” मग जायचं. वकील म्हणाले, म्हणजे विचारून जात होते? आणि मी, नानाजी, छाती पुढे काढून म्हणालो, “न विचारता कोनी जाते का साहेब कोनाच्या वावरातून? न विचारता डुकरं जातात.”

तेव्हा टाइप सुरू झालं. सकाळपासून गप्प बसलेलं ते यंत्र पत्र्यावर गारा पडाव्या तसं वाजलं. न्यायाधीश बाईंनी सांगितलं आणि बाईंनी उतरवलं: हे म्हणणे खरे आहे की, मी सदर वाटेने जाताना प्रतिवादीच्या वडिलांची परवानगी घेत होतो. मागे प्रफुल्लने बाकावर हात आपटला. हर्षाताईंनी कपाळाला लावला.

पण ताई जिद्दीच्या. फेरतपासणीला उठल्या आणि मला हात धरून वर काढायला बघितलं. बाबा, ती हाक म्हणजे नुसता रामराम होता ना, हिरालालजी नाही म्हणाले असते तरी तुम्ही गेलाच असता ना? तुमच्या वकिलांनी लगेच हरकत घेतली की उत्तर तोंडात घालून विचारू नये. ती हरकत मान्य होईपर्यंत मी उत्तर देऊन बसलो होतो. “नाई म्हटलं तं कसं जाईन ताई? एकदा म्हटलंच होतं त्यायनं. आलतो परत.”

मग तुमचे वकील, ज्यांना सकाळपासून माझं प्रत्येक वाक्य फालतू वाटत होतं, ते परवानगी घेऊन पुन्हा उभे राहिले आणि म्हणाले, सांगा बाबा, नीट आठवून, सविस्तर सांगा. नानाजी, त्या अख्ख्या दिवसात ‘सविस्तर’ म्हणणारा हा पहिला माणूस. मला कसं राहवेल?

तुला आठवतच असेल. चैत्राचे दिवस, मी शेणखताची बंडी घेऊन निघालो होतो. बाबाजी वाटेत दोन्ही हात पसरून उभे. “रूपराव, आज नाई जी. टिटवी बसली.” चाकोरीच्या दोन रेघांच्या बरोबर मध्ये खड्यांत खड्यांसारखी तिची चार अंडी. पिल्लं निघून चालायला लागेपर्यंत माझी बंडी तर सोड, बाबाजींची स्वतःची बंडीसुद्धा नाल्याकडून फेरा घालून गेली. काठीला लाल फडकं बांधून त्यांनी खूण करून ठेवली होती. तू आणि मी, लग्न झालेली दोन माणसं, धुऱ्याच्या बांधाआड पोटावर पडून ती अंडी बघत होतो, आणि टिटवीने आपल्या डोक्यावर घिरट्या घालून अख्ख्या शिवाराला आपली नावं सांगितली होती. अंडी उंचवट्यावर आहेत म्हणजे यंदा पाऊस भरपूर, असं बाबाजींनी जाहीर केलं होतं. (त्या वर्षी विहिरी आटल्या. टिटवी चुकली असं ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. आपल्याला उंचवटा ओळखता आला नाही म्हणाले.)

आणि नानाजी, या वेळी हात मांडीवर गेले नाहीत. हे म्हणणे खरे आहे की, सदर वाटेवर टिटवीने अंडी घातल्यामुळे प्रतिवादीच्या वडिलांनी मला वाटेने जाण्यास मनाई केली व मी ती मानली. पुढेमागे कोणी ते कागद काढून पाहिले तर आपल्या बाबाजींबद्दल एवढं एकच वाक्य तिथे आहे. रोडगे नाहीत, चहा नाही, अनुसयावहिनींची पिन नाही. सगळ्यात असंबद्ध होती ती टिटवी, तीच कामाची निघाली, आणि तीही तुझ्या.

बाहेर आल्यावर प्रफुल्ल माझ्याशी न बोलता मोटरसायकल घेऊन निघून गेला. हर्षाताई म्हणाल्या, हिरालालजी वारल्यावर तरी तुम्ही न विचारता जात असाल, तेवढं आलं असतं तरी काही धरायला मिळालं असतं. मी म्हटलं, ताई, ते वारल्यावर नानाजीला हाक मारायचो. नानाजी नागपूरला गेल्यावर रिकाम्या कोठ्याकडे पाहून मारायचो. कोणी ओ द्यायचं नाही, मी थोडा वेळ थांबायचो आणि मग जायचो. ताई म्हणाल्या, अहो हे तर आपल्या कामाचं होतं, सांगितलं का नाही? मी म्हटलं, विचारलं नव्हतं कोणी.

मी एसटीच्या स्टँडकडे चालायला लागलो तर शेजारी गाडी थांबली. स्वप्निल. “काका, बसा. आंजीले सोडून देतो.” बसलो. (तुमच्या वकिलांचा चेहरा तुला दाखवायला पाहिजे होता. जिंकून देणारा साक्षीदार स्वतःच्या गाडीत नेणारा पक्षकार त्यांनी पाहिला असेल, पण तो साक्षीदार समोरच्या बाजूचा?) अर्ध्या रस्त्यात पोरगा म्हणाला, “काका, आजोबा खरंच हात पसरून उभे राह्यले होते का?” त्याला हे कधी कोणी सांगितलंच नव्हतं, नानाजी. मग मी गाडीत सगळं सांगितलं, कोर्टाने मांडीवर ठेवलं होतं तेही. गेटपाशी त्याने गाडी थांबवली, उतरला, तारेला धरून कोठ्याकडे पाहत राहिला. कोठ्याचे दोन पत्रे उडाले आहेत, निंब बरा आहे. किल्ली नागपुरातच राहिली म्हणाला. (खरी की खोटी, तो जाणे. आवाज खरा वाटला.)

प्रफुल्ल घरी म्हणाला, बाबा, एक ‘नाई’ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? त्याचं चूक नाही. कापूस तो वाहतो, नाल्यात ट्रॅक्टर त्याचा फसतो, मी नुसता बांधावर उभा राहून सूचना करतो. त्याला मी जे बोललो नाही ते तुला लिहितो. मी विसरलो नव्हतो. हर्षाताईंनी समजावलेलं सगळं मला पाठ होतं. पण वाट मिळवायची तर शपथेवर सांगावं लागत होतं की मी कधी कोणाला विचारलं नाही आणि मला कधी कोणी ‘या’ म्हटलं नाही. म्हणजे वाट माझी झाली असती आणि बाबाजी खोटे ठरले असते. ते ‘या नं जी’ मी इतक्यांदा ऐकलं आहे की दुपारी डोळा लागला तरी ऐकू येतं. ते पुसून मला त्या वाटेने जाता आलं नसतं. फार आठवण येते रे त्यांची, आणि तुझी तर जिवंतपणी येते.

असो. निकाल काय लागायचा तो लागेल, आणि तो कोणाच्या बाजूने लागेल हे आपल्या दोघांना ठाऊक आहे. वहिनींची आणि गुडघ्याची काळजी घे. लिफ्टमध्ये एकटा जाऊ नकोस.

तुझा,
वादी रूपराव

ता. क. स्वप्निलबरोबर वर्ध्याचा तो बिस्किटासारखा गोरसपाक पाठवला होता, तो पोचला का? पुडा फोडलेला असेल तर गाडीत एक मी खाल्ला आहे. बाकीचे त्याने.

ता. क. दुसरा. हर्षाताई म्हणतात, प्रतिवादीला असली पत्रं लिहू नका, ती कोर्टात दाखल होतात. खुशाल दाखल कर. फक्त वाचून दाखवताना टाइप करणाऱ्या बाईंना सांग की काट्यापासून सुरुवात करा.

ता. क. तिसरा. जोडा पायात घालता घालता मूळ काम सांगतो. रुख्माबाईचं म्हणणं आहे की यंदा माघात रोडगे व्हावेत, निंबाखालीच, आणि अनुसयावहिनींशिवाय भाजी तिच्या हाताला लागत नाही. मांडीचं निमित्त सांगू नकोस, प्रफुल्लने तुझ्यासाठी शाळेतून खुर्ची मागून आणायचं कबूल केलं आहे. (अजून माझ्याशी बोलत नाही, पण हे समीक्षाकडून कळवलं.) येताना किल्ली आणजो. वाटेवर माझा हक्क नाही हे मी शपथेवर सांगून बसलो आहे, म्हणून विचारल्याशिवाय इलाज नाही, आणि त्या कोठ्याकडून ओ देणारा आता तूच एक उरला आहेस. उत्तर लांबवू नकोस, विचारलं तेवढंच लिही.

येऊ का जी?